वन बीएचकेत दोन कुत्रे अन् एक मांजर, तेही जळगावच्या उन्हात

घर लहान आहे म्हणून कुत्रा-मांजर सोबत ठेवता येत नाही असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं, मला ते बिलकुल पटत नाही. अडचण स्क्वेअर फुटांची नसतेच, अडचण असते वाटेची. मांजरीला कुत्र्यापासून उठून निघून जायला वाट असली की ती चारशे फुटांतही पाय पसरून झोपते अन् वाट नसली की मोठ्या बंगल्यातही पलंगाखालून बाहेर येत नाही. आमच्याकडे भुऱ्या अन् टिपी हे दोन गावठी कुत्रे, मनी ही मांजर, आम्ही तिघं माणसं अन् वन बीएचके. सगळे मजेत आहेत. कोणी आणायचा विचार करत असेल किंवा आणून बसलं असेल अन् रोज घरात पळापळ चालू असेल तर हे वाचा.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, जमीन कुत्र्यांची आणि उंची मांजरीची. फ्लॅटमध्ये खाली जागा नसते पण भिंती तर रिकाम्याच असतात ना. सुताराला सांगून आठ-दहा इंच रुंदीच्या दोन-तीन फळ्या भिंतीवर चढत्या लावून घ्या, सनमायका लावू नका, पाय घसरतो, वर जुनं गोणपाट किंवा चटईचा तुकडा ठोकून द्या. फळी ते कपाट, कपाट ते माळा, माळ्यावरून फ्रिज असा रस्ता झाला पाहिजे, आणि त्या रस्त्याला उतरायला दोन ठिकाणं पाहिजेत, एकच असेल तर तिथे कुत्रा येऊन बसतो अन् मांजर वर अडकते. हे लोक विसरतात. नखं घासायला विकतचा खांब घ्यायची गरज नाही, पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा अन् खाली जड पाट स्क्रूने पक्का करा, फक्त तो हलता कामा नये अन् मांजर मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल इतका उंच पाहिजे, म्हणजे साधारण अडीच-तीन फूट. हलला की ती परत सोफ्याकडे जाते.

दुसरी गोष्ट दाराची साखळी, अन् माझ्या मते सगळ्या घरातली सर्वात स्वस्त अन् सर्वात कामाची वस्तू हीच. बेडरूमच्या किंवा बाथरूमच्या दाराला हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती छोटी साखळी अन् हुक अशा मापाने लावा की दार चार बोटांपेक्षा थोडंच जास्त उघडं राहील. मांजर त्या फटीतून सुळकन निघून जाते, कुत्र्याचं तोंड जातं पण छाती अडते. आतल्या बाजूला दाराखाली लाकडी पाचर लावली की हवेनं दार बंद पण होत नाही. कुत्रा अगदीच लहान जातीचा असेल तर हे जमणार नाही, मग दाराला खालून दोन-अडीच फुटांपर्यंत जाळीचं फाटक करा, मांजर उडी मारून जाते. मनीचं खाणं, पाणी अन् शी-सू करायचा रेतीचा टब सगळं या साखळीच्या पलीकडे आहे.

रेतीचं थोडं सविस्तर सांगते कारण वास येतो म्हणून बरेच जण मांजर सोडून देतात. टब मांजरीच्या लांबीच्या दीडपट पाहिजे, घमेलं पुरत नाही. गोळे होणारी बेंटोनाइट माती ऑनलाइन मिळते, परवडत नसेल तर बांधकामाची बारीक वाळू चाळून, धुवून, गच्चीवर कडक वाळवून वापरा, फक्त वाळूत ओल धरून राहते म्हणून ती लवकर बदलावी लागते. दिवसातून दोनदा काढायचंच. घरात कोणी पोटुशी असेल तर तिने टबाला हात लावायचा नाही, दुसऱ्याने रोजच्या रोज साफ करायचं, कारण मांजरीच्या शीमधून जो टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू पसरू शकतो तो बाहेर पडल्यावर साधारण एक दिवसानंतर धोकादायक होतो. म्हणून रोज साफ केलं की काम भागतं, मांजर घराबाहेर काढायची काही गरज नाही. आणि हो, कुत्रे मांजरीची शी खातात, बरेच खातात, ओरडून काही होत नाही, साखळी लावा.

फरशी पुसायला फिनाईल बंद करा. मांजर त्या फरशीवर चालते अन् मग पाय चाटते, फिनॉलवाली औषधं तिच्या लिव्हरला पचत नाहीत. साबणाचं पाणी पुरतं, सू झालेल्या जागी व्हिनेगर टाकलं पाणी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नळ रोज येत नाही, त्यामुळे बाल्कनी धुवायला पाणी नसतं हे मला पण माहिती आहे, म्हणून कुत्र्यांना घरात न करता बाहेरच शी-सू करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा अन् घरातल्या अपघाताला आधी जुना पेपर दाबून शोषून घ्या अन् मग ओलं फडकं, अशाने बादलीभर पाण्याचं काम तांब्याभर पाण्यात होतं.

नवीन प्राणी आणताना घाई करू नका. आल्या आल्या तोंडासमोर धरून "बघ तुझा भाऊ आला" असलं काही करायचं नाही. नवीन आलेल्याला एका खोलीत ठेवा, दार बंद. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या ताटाजवळ ठेवा. मग दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी जेवायला द्या, वास आला की जेवण येतं हे दोघांच्या डोक्यात बसलं पाहिजे. नंतर कुत्रा पट्ट्यावर अन् मांजर मोकळी, कधीच उलटं नाही. कुणाचं पंधरा दिवसांत जमतं, कुणाला दोन-तीन महिने लागतात. बघायचं काय तर कुत्रा मांजरीकडे बघून लगेच तुमच्याकडे बघतो का. बघत असेल तर छान, चिकनचा तुकडा द्या. पण अंग ताठ, तोंड बंद, कान पुढे अन् नजर हटतच नाही, असं असेल तर ते प्रेम नाही, ती शिकार आहे, त्याला तिथून बाहेर न्या. कारवानसारखे पळणाऱ्या शिकारी जातीचे कुत्रे असतील तर जास्तच जपा. अजून एक घोळ शेपटीचा होतो, कुत्रा शेपटी हलवतो तेव्हा बहुतेक वेळा खुशीत असतो अन् मांजर शेपटी आपटते तेव्हा चिडलेली असते, दोघांना एकमेकांची भाषा कळेपर्यंत तुम्ही मध्ये पाहिजे.

खाण्याचं. आपल्याकडे दूध-भाकरी हे सगळ्यांचं खाणं समजतात, माझी माय पण तेच म्हणायची. कुत्र्याला भाकरी किंवा भात चालतो पण सोबत उकडलेलं चिकन, अंडं असं काहीतरी पाहिजे. मांजर मात्र पूर्ण मांसाहारी जनावर आहे, तिला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे अन् हृदय खराब होतं, त्यामुळे घर शाकाहारी असेल तर तिच्यासाठी निदान कॅट फूड तरी घ्या. कुत्र्याचं फूड मांजरीला पुरत नाही. दूध बऱ्याच मोठ्या मांजरींना पचत नाही, जुलाब होतात, पाणीच द्या, अन् पाण्याचं भांडं जेवणापासून लांब ठेवा, मग त्या जास्त पितात.

आणि भरीत. कांद्याची पात, लसूण, मिरची घालून ठेचलेलं आपलं भरीत किंवा शेवभाजीचा रस्सा भाकरीला लावून देऊ नका, कितीही आशेने बघत बसले तरी. कांदा-लसणाने कुत्र्यांच्या अन् त्याहून जास्त मांजरींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलं तरी तेच. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की कुत्रे सोबत नेतात अन् पत्रावळी चाटायला सोडतात, ते बंद करा. द्राक्षं-मनुके, चॉकलेट, शिजवलेली हाडं पण नाही.

आता उन्हाळा, अन् खान्देशात हाच खरा विषय. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो अन् वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. म्हणून फिरवणं सकाळी साडेसहाच्या आत अन् रात्री नऊच्या पुढे, मधे फक्त शी-सू साठी सावलीत खाली. रात्री पण हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेवता आला नाही तर त्याचे पाय पण भाजतील. कूलर असेल तर समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते अन् धापेचा उपयोग होत नाही. कूलरची वायर पाइपमधून घ्या, पिल्लं चावतात, अन् टाकीतलं पाणी त्यांना पिऊ देऊ नका. मातीचं भांडं दोन-तीन जागी ठेवा, पसरट, जड.

लू लागल्याची, म्हणजे उष्माघाताची लक्षणं पाठ करून ठेवा. थांबतच नाही अशी धाप, लाल भडक हिरड्या, चिकट लाळ, लटपटणं, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की वेळ घालवायचा नाही. साधं पाणी अंगावर, विशेष करून पोटाला, जांघेत, पायांना ओता अन् पंखा लावा, ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नका. अन् हे करता करताच डॉक्टरकडे. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ती कुत्र्यापेक्षा जास्त सिरीयस गोष्ट आहे, लगेच न्या. पग, बुलडॉग असले चपट्या नाकाचे अन् हस्की असले केसाळ कुत्रे आपल्या भागात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, गल्लीतलं गावठी पिल्लू घ्या, त्याला हे ऊन पिढ्यान्‌पिढ्या माहिती आहे.

उन्हाळा-पावसाळ्यात गोचीड होतात अन् इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. ज्यांची शेती आहे, गुरं आहेत, त्यांच्या घरात गुरांचं गोचीडाचं औषध असतंच अन् तेच पाण्यात टाकून कुत्र्याला धुतात. त्यातलं डेल्टामेथ्रिन, कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांतलं परमेथ्रिन अन् आंघोळीच्या औषधातलं अमिट्राझ, तिन्ही मांजरीला विष आहेत. तिला लावायची पण गरज नाही, ओल्या कुत्र्याला बिलगून झोपली किंवा त्याला चाटलं तरी पुरे. अंग थरथरतं, स्नायू उडतात, झटके येतात. असं झालं तर भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, पुसून कोरडी करा अन् पळा. घरात मांजर असेल तर डॉक्टरला आधीच सांगा, कुत्र्यांसाठी गोचीडाच्या खायच्या गोळ्या मिळतात, महाग आहेत पण एका घरात सगळे असले की त्याच घ्या. आपल्या तापाची पॅरासिटामॉल पण मांजरीला कधीच नाही, एका गोळीने जीव जातो.

खिडक्यांना मच्छरजाळी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कबुतर दिसलं की मांजर अंगावरच जाते अन् जाळी फाटते. बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी घट्ट ताणून चारही बाजूंनी हुकांवर लावून घ्या, खालची बाजू सुटी ठेवतात ती पण.

लसी, नसबंदी याबद्दल थोडक्यात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर अन् मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी, कुत्र्यांना पण अन् घरातच राहणाऱ्या मांजरीला पण. नसबंदी साधारण सहा महिन्यांच्या सुमारास डॉक्टरला विचारून. लहान फ्लॅटमध्ये माजावर आलेली मांजर रात्र रात्र ओरडते, बोका भिंतींवर फवारे मारतो, शेजारी सोडा, तुम्हालाच झोप येणार नाही.

सोसायटीत कोणी म्हणालं की मीटिंगमध्ये ठराव करून कुत्रे बंद करू, तर शांतपणे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, बहुमत असलं तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही अन् लिफ्ट पण नाकारता येत नाही असं त्यात आहे. पण कागद दाखवण्याआधी आपलं काम चोख पाहिजे. खिशात पेपर अन् पिशवी, जिन्यात पट्टा आखूड, लिफ्टमध्ये लहान मूल किंवा घाबरणारं कोणी असेल तर आपण पुढच्या फेरीला जायचं. लसीचं कार्ड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घर भरतं, माहेरवाशिणी येतात, पोरं येतात, दार सतत उघडं. दोन-तीन दिवस मनीला साखळीच्या पलीकडे ठेवतो अन् दारावर चिठ्ठी लावतो, तिची पिंजऱ्याची टोपली पण आतच उघडी असते, वर्षभर ती तिची झोपायची जागा आहे म्हणून डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी पकडापकडी होत नाही. आमरसाच्या कोयी मात्र सगळ्यांना सांगून थेट झाकणाच्या डब्यात टाका, ताटात राहू देऊ नका. गोड वासाने कुत्रा आख्खी कोय गिळतो, ती आतड्यात अडकू शकते अन् मग बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. जेवण बंद, सारख्या उलट्या अन् पोट दुखतंय असं आखाजीनंतर दिसलं तर गॅस झाला असेल म्हणून ओवा देत बसू नका, एक्स-रे किंवा सोनोग्राफी जिथे होते तिथे न्या, अन् ते ठिकाण कुठलं, रात्री कोण फोन उचलतं हे आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा.