बटाट्यावरचा भुंगेरा: निंबोळी अर्क चालतो की नाही, आपल्याच शेतात तपासा

बटाट्याची रोपं वीतभर झाली की पानं उलटून बघायला लागा. 28 ठिपक्यांचा भुंगेरा तिथेच पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालतो आणि त्यातनं निघालेल्या काटेरी पिवळ्या अळ्या पान खरवडून नुसती जाळी ठेवतात. भुंगेऱ्याच्या अंगावर बारीक लव, रंग मळकट तांबूस असेल तर हा तोच, चकचकीत असेल तर बहुतेक मावा खाणारा मित्रकिडा, त्याला प्लीज मारू नका.

बरेच जण निंबोळी अर्क फवारतात, दुसऱ्या दिवशी भुंगेरे तसेच फिरताना दिसतात आणि मग "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन भुंगेऱ्याला जागेवर पाडतच नाही, ते अळीचं खाणं तोडतं आणि तिला नीट कात टाकू देत नाही, त्यामुळे फरक दिसायला काही दिवस लागतात आणि तोही जास्त करून लहान अळ्यांवर.

म्हणून ट्रायल घ्या. शेताचे सारखे 6 तुकडे पाडा, 3 वर अर्क, 3 वर नुसतं साबणाचं पाणी (साधं पाणी नको, कारण अर्कातही साबण असतो आणि साबणानेपण काही लहान अळ्या मरतात, मग श्रेय कुणाचं ते कळत नाही), आणि कुठे काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, फडक्यातनं गाळा, 30 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला, साबणपाण्यातही साबण तेवढाच. उन्हात अर्क लवकर निकामी होतो, तेव्हा ताजाच वापरा, संध्याकाळी, पानाच्या खालून.

कडेच्या ओळी सोडून प्रत्येक तुकड्यातली 10 झाडं मोजा, फवारणीआधी, मग 3ऱ्या आणि 7व्या दिवशी. अंडी, लहान अळ्या, मोठ्या अळ्या, भुंगेरे वेगवेगळे लिहा, भुंगेरे उडून इकडचे तिकडे जातात त्यामुळे निकाल अळ्यांवरच लावायचा. सुरुवातीला दोन्हीकडे आकडा साधारण सारखा होता आणि 7व्या दिवशी साबणपाण्यात 80, अर्कात 20 अळ्या, तर 75 टक्के नियंत्रण.

बीटी (जिवाणूपासून बनवलेलं कीटकनाशक) ट्राय करणार असाल तर लेबल वाचा, कुर्सटाकी प्रकार पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहे, भुंगेऱ्यावर नाही. तंबाखूचा काढा नकोच, निकोटीन कातडीतनं अंगात जातं.

काढणीला प्रत्येक तुकड्याचे बटाटे वेगळे तोला.