गर्दीतला चेहरा वेगळा कसा काढावा: ८५ एमएमची लेन्स आणि बेताचं एडिटिंग

मुंबईत पोर्ट्रेट काढताना खरी अडचण असते ती माणसाच्या पाठीमागच्या पसाऱ्याची. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कानाला चिकटलेलं होर्डिंग, ऐन वेळी मागून जाणारी लाल बस. ८५ ते १३५ एमएमच्या लेन्स यावर उत्तम इलाज आहेत, आणि तो नुसता मागचं धूसर होतं म्हणून नव्हे. या लेन्स मागचं मुळातच कमी दाखवतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ एमएमच्या आडव्या फ्रेममध्ये साधारण ५४ अंशांचा पट्टा येतो, ८५ एमएममध्ये जेमतेम २४ अंशांचा. त्यामुळे तुम्ही दोन पावलं बाजूला सरकलात की अख्खं होर्डिंग फ्रेमबाहेर जातं. आधी ही दोन पावलं टाका, अपर्चरचा (लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकाचा) विचार नंतर.

कोणती लेन्स?

८५ एमएम एफ १.८ पुरेशी आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकं अपर्चर मोठं आणि मागचं जास्त धूसर). क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा, कॅमेरा असेल तर ५० एमएमच लावा. ती ७५-८० एमएमसारखी दिसते, वेगळा खर्च नको. फोनमध्ये टेलिफोटो कॅमेरा असेल तर तो वापरा.

१३५ एमएम घेण्याआधी जागेचा हिशोब करा. उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो ८५ एमएमने घ्यायला पावणेपाच मीटर लागतात, १३५ एमएमने साडेसात. दहा बाय दहाच्या खोलीत ८५ एमएमनेही कमरेपर्यंतचाच फोटो निघतो. १३५ एमएमची मजा मरीन ड्राइव्हवर किंवा शिवाजी पार्कात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर तर माणसापासून लांब जाऊन १३५ लावली, की मागचा घुमट चांगला मोठा होऊन जवळ येतो.

अंतर

चेहऱ्याची ठेवण लेन्सवर नाही, अंतरावर ठरते. दीड-दोन फुटांवरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड-दोन मीटरवरून चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा दिसतो. ८५ एमएमने उभा कॅमेरा धरून दोन मीटरवर उभे राहिलात, तर सुमारे ८५ सेंटीमीटर उंचीचा भाग येतो, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत.

आता त्या व्यक्तीला भिंतीपासून सोडवा. मागची भिंत फूटभर अंतरावर असेल तर एफ १.८ लावूनही तिच्यावरचे पोपडे दिसतील. आठ-दहा मीटर मोकळे मिळाले तर एफ २.८ ला सगळं छान विरघळतं. मी बहुतेक वेळा एफ २.८ वरच थांबतो. दोन मीटरवर एफ १.८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, अवघी सहा सेंटीमीटर असते; मान जरा वळली की पलीकडचा डोळा हातचा गेला. जवळच्या डोळ्यावर फोकस आणि शटर १/२५० सेकंदावर ठेवा.

प्रकाशातला फरक

धूसर केलेली पार्श्वभूमी चेहऱ्यापेक्षा उजळ असेल, तर नजर तिकडेच जाणार. फोर्टात दादाभाई नौरोजी रोडवरच्या इमारतींच्या कमानी यासाठी फार उपयोगी. समजा, मावशींचा फोटो काढायचा आहे. त्यांना कमानीच्या आत, कडेपासून पाऊलभर मागे उभं करा, चेहरा रस्त्याकडे थोडा वळवा आणि तुम्ही कमानींच्या रांगेच्या दिशेने बघा. रस्त्यावरचा मऊ उजेड एका गालावर येतो, डोळ्यांत चमक येते, मागे लांबवर अंधारत गेलेला पॅसेज राहतो. मावशी गडद साडीत असतील तर पदर उजेडाच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे खांदा काळोखात हरवत नाही. ऊन डोक्यावर असतानाही इथे काम होतं.

एडिटिंग

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ने माणसाचा मास्क (फक्त तेवढ्याच भागावर बदल करणारी निवड) करा आणि तो उलटा करून पार्श्वभूमी निवडा. तिचं एक्स्पोजर (उजळपणा) अर्धा स्टॉप, म्हणजे स्लायडरवर ०.५ ने, खाली, हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) दहा-पंधराने कमी. मागे लाल-पिवळा ठिपका खटकत असेल तर तेवढाच रंग उतरवा. मग चेहऱ्यावर वेगळा मास्क, एक्स्पोजर पाव स्टॉप वर. फोनवर स्नॅपसीड अ‍ॅपचं ‘सिलेक्टिव्ह’ टूल चेहऱ्यावर ठेवून हेच साधतं.

झाडाखाली काढलेल्या फोटोत त्वचेवर हिरवट झाक येते. टिंटचा (हिरवा-मॅजेंटा) स्लायडर किंचित मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, न्या. पण नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) वाढवून सावळा माणूस गोरा करू नका. त्याने गालावरच्या सावल्या सपाट होतात, आणि ज्याचा फोटो काढला तोच माणूस त्यात राहत नाही. सावळ्या रंगावरची उजेडाची चमक हीच त्या चेहऱ्याची शान असते, ती जपा.

शेवटी फोटो १०० टक्के मोठा करून केसांच्या कडा बघा. काळ्या केसांभोवती उजळ रेघ दिसली, तर मास्कची कड ब्रशने मऊ करा; तरीही दिसत असेल तर मागचं एक्स्पोजर थोडं परत वर आणा.