सोलापुरी जेवणासोबत ड्राय व्हाइट वाइन कशी निवडावी व कशी वाढावी

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील अकलूजच्या परिसरात, वाइनसाठी लागणाऱ्या द्राक्षांच्या बागा आहेत आणि फ्रातेल्ली या वाइन कंपनीची वायनरी, म्हणजे वाइन बनवण्याचा कारखानाही तिथेच आहे. आपल्या जिल्ह्यातली वाइन आपल्याच जेवणासोबत नीट घेता यावी, यासाठी हे मार्गदर्शन. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

प्रथम बाटली निवडावी. द्राक्षातील जवळजवळ सगळ्या साखरेचे आंबवताना अल्कोहोल झाले, की वाइन ड्राय, म्हणजे गोडी नसलेली होते. म्हणून लेबलवर ‘ड्राय’ हा शब्द पाहावा. सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही द्राक्षांच्या दोन जातींची आणि त्यांच्या व्हाइट वाइनची नावे. सॉव्हिन्यों ब्लां अधिक आंबट आणि हिरव्या पाल्याच्या वासाची असते, तर शेनिन ब्लां फळांच्या वासाची असते. शेनिन काही वेळा किंचित गोडही बनवतात, त्यामुळे तिचे लेबल जास्त काळजीने वाचावे.

त्यानंतर ताटाचा विचार करावा, आणि खरे कौशल्य इथेच लागते. अल्कोहोलमुळे मिरचीची आग अधिक जाणवते. म्हणूनच काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणासोबत ही वाइन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रश्श्यापुढे तिचा वास आणि चव दोन्ही हरवतात. याउलट तळलेल्या पदार्थांशी ती उत्तम जमते, कारण तिचा आंबटपणा तोंडातला तेलकटपणा कापतो आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. उजनी धरणाच्या पाण्यातली चिलापी मासळी हळद, मीठ, थोडे तिखट आणि लिंबू लावून कुरकुरीत तळावी व सोबत सॉव्हिन्यों ब्लां ठेवावी. माझ्या दृष्टीने यापेक्षा सरस जोडी नाही. लाल वाइनमध्ये असतो तसा टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्याचा) तुरटपणा हिच्यात जवळजवळ नसतो, हेही माशासाठी सोयीचेच.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी वगळून सोलापूरचे ताट पूर्ण होत नाही. चटणीतील मीठ आणि शेंगदाण्याचे तेल वाइनच्या आंबटपणाला सौम्य करतात, मात्र तिखट आड येते. त्यावर उपाय घरचाच आहे: चटणीत घट्ट दही कालवावे, कारण दह्यातील प्रथिने व स्निग्धांश मिरचीचा दाह कमी करतात. हिवाळ्यात हुरडा असेल तर शेनिन ब्लां निवडावी, कारण कोवळ्या ज्वारीची मूळची हलकी गोडी तिच्या फळांच्या वासाला शोभते. गूळ आणि शेंगापोळी मात्र वाइन संपल्यावरच घ्यावी. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते.

आता वाढणे. बाटली ८ ते १० अंश सेल्सिअसला असावी. फ्रिजमध्ये ती याहून थंड होते, म्हणून पंधरा मिनिटे आधी बाहेर काढावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाच मिनिटेही पुरतात. नंतर बाटली बर्फ आणि पाणी दोन्ही घातलेल्या भांड्यात ठेवावी, कारण नुसत्या बर्फापेक्षा पाण्याचा स्पर्श बाटलीला सर्व बाजूंनी होतो. ग्लासात बर्फ टाकू नये, त्याने वाइन पातळ होते. ग्लास एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वासाला जागा राहते आणि उरलेली वाइन थंडही राहते.

उघडलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर चव उतरली, तर ती माशाच्या रश्श्यात थोडी घालून चांगली उकळावी.