नोव्हेंबर-डिसेंबरचं मूल पहिलीत कधी घालायचं

आधी एक कागद घ्या आणि त्यावर मुलाची जन्मतारीख लिहा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे महाराष्ट्रात नियम असा आहे की ज्या वर्षी मूल पहिलीत जाणार त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत त्याला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. त्याच हिशोबाने नर्सरीला ३, ज्युनिअर केजीला ४, सिनिअर केजीला ५. आधी ही तारीख ३० सप्टेंबर होती, २०२० मध्ये ती डिसेंबरपर्यंत नेली. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चची तारीख धरतात, म्हणजे बदलीची नोकरी असेल तर हिशोब दोन्हीकडचा करून ठेवा.

आता कागदावर बघा. समजा मूल २० नोव्हेंबर २०२३ चं आहे. नियमाने ते जून २०२६ ला नर्सरीत बसतं, तेव्हा त्याचं वय अडीच वर्षं आणि एक महिना, आणि पहिलीत जून २०२९ ला, साडेपाच वर्षं उलटून महिना झालेला. शेजारच्या बाकावर जानेवारीत जन्मलेलं मूल असतं ते याच्यापेक्षा जवळजवळ ११ महिने मोठं. आणि ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच शाळांचे नर्सरीचे फॉर्म आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच निघतात, म्हणजे आपण हा निर्णय घेतो तेव्हा मूल दोन वर्षांचंही झालेलं नसतं!! पहिलीचा निर्णय पहिलीच्या वेळी होतच नाही, तो नर्सरीच्या फॉर्मलाच होऊन जातो, हे मला मोठीच्या वेळी कोणी सांगितलं नाही म्हणून इथे लिहितेय.

माझी मोठी डिसेंबरची. नियमात बसते, मग घातली, विचारच केला नाही. पहिलीत वर्गशिक्षिका पहिल्याच महिन्यात म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण लहान आहे." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, डबा बघून कळला. स्टीलचा क्लिपवाला डबा, सकाळी जशी तुपाची पोळी गुंडाळून दिली तशीच दुपारी परत, एक घासही नाही. विचारलं तर म्हणे उघडत नव्हता. बाईंना सांगायचं ना? तर मान खाली. असं किती दिवस चालू होतं देव जाणे, मधल्या दोन-तीन वेळा तर मी भूक नसेल म्हणून सोडून दिलं होतं. लिहिताना पण तेच, ळ आणि क्ष काढताना बोटं पांढरी पडायची इतकी पेन्सिल दाबायची, आणि मी तिलाच ओरडायचे. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मनगटातली छोटी हाडं या वयात पूर्ण तयार झालेलीच नसतात. ती आता छान आहे, पण ते पहिलं वर्ष मला आजही आठवतं आणि वाईट वाटतं.

म्हणून धाकट्याच्या वेळी (तो नोव्हेंबरचा) आम्ही एक वर्ष थांबलो. सासूबाई म्हणाल्या वर्ष वाया जातंय. त्यांची काळजी खरी होती, त्यांच्या काळात वयाची अट नोकरीला नडायची. पण आता एमपीएससीला खुल्या गटात ३८ पर्यंत आणि यूपीएससीला ३२ पर्यंत बसता येतं, एका वर्षाने काही अडत नाही.

मूल तयार आहे का हे घरीच बघता येतं, दोन-तीन आठवडे नुसतं लक्ष ठेवा. एबीसीडी येते, शंभरपर्यंत आकडे येतात, याला मी काडीचं महत्त्व देणार नाही, ते पहिलीत शिकवतातच. हे बघा: मटार सोलता येतात का, शर्टचं बटण आणि डबा स्वतः उघडता येतो का, शू-शी सांगून एकटं जाऊन येतं का आणि धुता येतं का. "चप्पल जागेवर ठेव आणि मग बाटली घेऊन ये" अशी दोन कामं एकदम सांगितली तर दोन्ही होतात की पहिल्यावरच गाडी थांबते. आपण नसताना तीन-चार तास दुसऱ्या कोणाकडे राहतं का. मोबाईलशिवाय दहा-पंधरा मिनिटं एका जागी बसून काहीतरी करतं का. सापशिडीत हरल्यावर थोडं रडून परत खेळायला येतं का. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अनोळखी मोठ्या माणसाला "मला हे जमत नाहीये" असं सांगू शकतं का, माझ्या मुलीचं नेमकं इथेच अडलं होतं.

आपल्या आजी-आजोबांच्या वेळी गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे आणि जन्मतारीख १ जून टाकून द्यायचे, म्हणून त्या पिढीत एवढे जूनवाले. पण त्या कानाच्या परीक्षेत तथ्य होतं, सहा-सात वर्षांच्या सुमारास हात डोक्याच्या मानाने लांब होतात. नुसत्या उंचीवर मात्र जाऊ नका, मूल उंच आहे म्हणून मोठं होत नाही, उलट उंच मुलाकडून बाई जास्त अपेक्षा करतात.

बाहेरच्या बऱ्याच देशांत असं दिसलंय की वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर चंचल, लक्ष नाही, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास) असे शिक्के जास्त बसतात, आणि त्यातल्या काहींचं फक्त वय कमी असतं. हा फरक वरच्या वर्गात कमी होत जातो हेही खरं. फिनलंडमध्ये तर शाळाच सातव्या वर्षी सुरू होते.

पण थांबणं हा प्रत्येकाचा उपाय नाही. जानेवारी ते जूनची मुलं असतील तर विचार करत बसू नका, घाला. बोलणं उशिरा आलंय, हाक मारली तर बघत नाही, असं काही वाटत असेल तर वर्षभर घरी ठेवून ते आपोआप सुटत नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान आणि डोळे तपासून घ्या, हे शाळेत घालायच्या आधी सगळ्यांनीच करावं असं माझं मत आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव २५ टक्के जागांसाठी फॉर्म भरणार असाल तर तिथे वयाची वरची मर्यादा पण असते, थांबायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात वाचा. आणि दोघंही नोकरीला, घरी बघायला कोणी नाही, असं असेल तर थांबलेल्या वर्षात अंगणवाडी, बालवाडी, पाळणाघर चालतं, तिथे खेळायला मिळतं ना, बस.

दुसरा हिशोब झोपेचा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, सहानंतर ९ ते १२. आता ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीहून वसंत विहारकडे शाळेची बस जात असेल तर ट्रॅफिकमुळे स्टॉपवर मूल एक तास आधी उभं. बाबा लोकलने ठाण्याला उतरून रात्री साडेनऊला घरी, बाबा आल्याशिवाय पोरगं झोपत नाही, म्हणजे साडेदहा. पहाटे साडेपाचला उठवलं तर सातच तास होतात. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी नकोत असं सांगितलंय, पण प्रत्यक्षात तुमच्या शाळेची वेळ काय आहे आणि बस किती वाजता येते हे ऑफिसात तोंडी नाही, बसवाल्या काकांनाच विचारा. घराजवळची शाळा जरा कमी नावाची असली तरी मी तीच घेईन.

पहिलीच्या प्रवेशासाठी शाळेत कोणी मुलाची किंवा तुमची मुलाखत, चाचणी घेत असेल तर ते आरटीई कायद्यात बसत नाही, शांतपणे सांगा. दुसरीपर्यंत घरचा अभ्यास नको आणि पहिली-दुसरीचं दप्तर दोन-सव्वादोन किलोच्या वर नको, असं २०२० च्या दप्तर धोरणात आहे, ते शाळा किती पाळते ते तिथल्या एखाद्या आईला गेटवर गाठून विचारा.

नर्सरी आधीच झाली असेल आणि आता वाटतंय की लहान आहे, तर वर्ष ज्युनिअरलाच परत करा, सिनिअरपर्यंत थांबू नका. ज्युनिअरला मुलांना फारसं कळत नाही, सिनिअरनंतर मित्र वर गेले आणि आपण खाली राहिलो हे बरोबर कळतं आणि लागतं. यासाठी शाळेला जानेवारीच्या आत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पुढच्या वर्षीची सीट धरली आहे असं त्यावर लिहून घ्या. जन्मदाखला आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते पण आत्ताच बघा, महापालिकेत दुरुस्तीला वेळ लागतो. आणि तारीख पुढेमागे करून देतो असं कोणी एजंट म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, ती तारीख दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत मुलाच्या मागे राहते.