धोरण ठरवताना भावनांच्या बाबतीत होणाऱ्या या चुका टाळा

'धंद्यात भावनेला थारा नको' असे म्हणून कामाला लागणे, ही पहिली चूक. भावना असतेच, ती कोणाची आहे, हे न तपासल्यामुळे धोरण फसते.

पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना एक लाखाच्या गाडीची कल्पना सुचली. नॅनो २००८ मध्ये लोकांसमोर आली आणि पुढच्या वर्षी रस्त्यावर धावू लागली. त्यामागची तळमळ खरी होती आणि तिच्याशिवाय असे धाडस कोणी केलेही नसते. परंतु चाकाखाली लिंबू ठेवून, बॉनेटला झेंडूचा हार घालून, शेजाऱ्यांना पेढे वाटत ज्या वस्तूचे स्वागत होते, तिच्यावर 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का बसला, तेव्हा घेणाऱ्याचा अभिमानच दुखावला गेला. ही ओळख चुकीची ठरल्याचे टाटांनी स्वतः नंतर मान्य केले. म्हणून आपल्याला काय हेलावते आणि पैसे मोजताना ग्राहकाला काय वाटते, हे दोन वेगळ्या कागदांवर लिहावे. दुसरा कागद मात्र, परवडत असूनही वस्तू न घेतलेल्यांशी बोलूनच भरावा.

दुसरी चूक भीतीकडे दुर्लक्ष करण्याची. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकियाच्या घसरणीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे दिसले, की मधल्या फळीचे व्यवस्थापक वरिष्ठांच्या रागाला घाबरून सॉफ्टवेअरमधील अडचणी सांगत नव्हते. अहवाल उत्तम आणि तारखा मात्र पुढे ढकलल्या जात आहेत, असे आपल्याकडे दिसले, तर बैठकीत साहेबांच्या आधी प्रत्यक्ष काम करणाऱ्याला बोलू द्यावे आणि वाईट बातमी आणणाऱ्याला त्याच बैठकीत जाब विचारू नये.

जुन्या उत्पादनावरची माया सोडवणे सर्वांत अवघड, विशेषतः ते वडिलांनी सुरू केलेले असेल तर. मेमरी चिप बनवण्यासाठीच स्थापन झालेली इंटेल १९८५ मध्ये त्याच धंद्यात तोटा सोसत होती, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले, की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला, तर तो काय करेल? मूर यांचे उत्तर होते, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असे ग्रोव्ह म्हणाले. तरीही हा निर्णय सहकाऱ्यांना सांगताना आपल्या तोंडून शब्द फुटत नव्हते, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. त्यामुळे असा निर्णय घेताच उत्पादन बंद करण्याची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव त्याच दिवशी लेखी नोंदवावे.