सर्व्हे नंबरातला स्लॅश कुठे हरवतो? यूआरएलमधल्या या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी कोथरूडच्या आमच्या ऑफिसात फोन आला, "नकाशा उघडत नाहीये, ४०४ येतंय." (४०४ म्हणजे 'असं पान सापडलं नाही'.) मिळकतींची माहिती दाखवणारी साइट होती. सर्व्हे नंबर ४५ टाकला की नकाशा यायचा, ४५/२ टाकला की गायब. पुण्याचे पत्ते ज्यांनी हाताळलेत त्यांना ठाऊक आहे, बाणेर असो की हडपसर, हिश्श्याचा स्लॅश सुटत नाही.

आमच्या अ‍ॅप्लिकेशनचा कोड दोनदा वाचला, त्यात चूक सापडली नाही. स्लॅश नीट एन्कोड होऊन, म्हणजे टक्क्याने सुरू होणाऱ्या संकेतात बदलून, %२एफ असाच जात होता. (इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, सर्व्हरवर अर्थातच रोमन.) अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये (आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदीत) मात्र त्या रिक्वेस्टचा मागमूस नव्हता. तिथे ट्यूब पेटली: ४०४ आमचा नाहीच, पुढे उभा असलेला अपाचे हा वेब सर्व्हर तो देतोय.

अपाचेमध्ये 'अलाउ एन्कोडेड स्लॅशेस' ही सेटिंग मुळात बंद असते. पाथमध्ये (यूआरएलमधल्या साइटच्या नावानंतरच्या, प्रश्नचिन्हाआधीच्या भागात) %२एफ दिसला की तो पुढे न पाठवता स्वतःच ४०४ देतो. इथे घाईघाईत 'ऑन' करण्याची चूक बहुतेक जण करतात. 'ऑन' केलं की रिक्वेस्ट आत येते, पण %२एफ चा साधा स्लॅश होतो आणि ४५/२ चे पाथमध्ये दोन तुकडे पडतात. हवं असतं ते 'नोडिकोड', म्हणजे येऊ दे, पण सोडवू नको. शिवाय रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरकडे देणाऱ्या प्रॉक्सी-पासच्या ओळीत 'नोकॅनन' लिहावं लागतं, नाहीतर अपाचेची मॉड-प्रॉक्सी यूआरएल पुढे देण्याआधी आपल्या पद्धतीने नीटनेटकी करायला जाते. एवढं करून आम्ही मागच्या टॉमकॅटपर्यंत, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचलो, तर त्याने ४०० ('रिक्वेस्टच चुकीची') देऊन दार लावलं. पाथमधला %२एफ त्यालाही चालत नाही.

प्रत्येक दारावरची कडी काढत बसायची नाही, असं मी तेव्हा ठरवलं. सर्व्हे नंबर पाथमधून काढून क्वेरीत, म्हणजे प्रश्नचिन्हानंतरच्या भागात टाकला. यूआरएलची रचना ठरवणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ नुसार क्वेरीत स्लॅश तसाच लिहिलेलाही चालतो. ज्या माहितीत स्लॅश येणारच आहे ती पाथमध्ये ठेवू नका, हे माझं ठाम मत आहे.

एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरची गंमत वेगळी. 'प्रॉक्सी पास'च्या पत्त्यात पोर्टनंतर काहीही लिहिलं, अगदी एकटा स्लॅशसुद्धा, की तो यूआरएल डिकोड करून (टक्क्याचे संकेत सोडवून), सरळ करून मग पुढे देतो. पोर्टवरच थांबलात तर ब्राउझरकडून आली तशीच जाते. त्या एका स्लॅशपायी मी अख्खी दुपार घालवली आहे. लॉगमध्येही 'रिक्वेस्ट यूआरआय' हे व्हेरिएबल छापा, त्यात मूळ रूप असतं. नुसत्या 'यूआरआय'मध्ये सोडवलेलं असतं. रीडायरेक्टमध्ये (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवताना) तर नुसतं 'यूआरआय' वापरूच नका. कोणी %०ए पाठवला तर त्याची खरीखुरी नवी ओळ होऊन उत्तराच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या ओळींत) घुसू शकते.

स्पेसच्या %२० च्या जागी %२५२० दिसलं, तर आधीच एन्कोड झालेलं कोणीतरी पुन्हा एन्कोड केलंय; %२५ म्हणजे टक्क्याचंच चिन्ह. यावर "मग आपण दोनदा डिकोड करू" हा उपाय कृपा करून करू नका. ज्या पत्त्यात खरंच टक्का आहे तो मोडतो, आणि सुरक्षेची तपासणी पहिल्या डिकोडनंतर झालेली असेल तर दुसऱ्या डिकोडमधून तिला चकवता येतं. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरला २००१ मध्ये याच दुबार डिकोडिंगची भोकं बुजवावी लागली होती. दुसऱ्यांदा एन्कोड करणारी जागा शोधा आणि ती काढा.

अधिकचं चिन्ह फॉर्मच्या क्वेरीत स्पेस म्हणून वाचलं जातं, पाथमध्ये ते अधिकच असतं. म्हणून +९१ ने सुरू होणारा मोबाइल नंबर पलीकडे पोचताना अधिक गमावतो. तो %२बी करूनच पाठवा. उलट बाजूने, जावाचा यूआरएल-एन्कोडर आणि पीएचपीचं 'यूआरएलएन्कोड' स्पेसचं अधिक करतात, त्यामुळे पाथसाठी ते वापरले की 'सदाशिव+पेठ' असंच शोधलं जातं. पीएचपीत पाथसाठी 'रॉयूआरएलएन्कोड' आहे. जावास्क्रिप्टमध्ये एकेका मूल्यासाठी 'एन्कोडयूआरआयकंपोनंट' घ्या. 'एन्कोडयूआरआय' अ‍ॅम्परसँड आणि हॅशला हात लावत नाही. हॅशनंतरचं तर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही.

आता आपल्या लिपीचं. 'पुणे' हे यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात बारा बाइट, एन्कोड केल्यावर छत्तीस अक्षरं. टॉमकॅट ८ च्या आधीच्या आवृत्त्या यूआरएल लॅटिन-१ (रोमन लिपीपुरता जुना अक्षरसंकेत) समजून वाचायच्या, तिथे 'यूआरआय एन्कोडिंग' हाताने यूटीएफ-८ करावं लागतं. पण मला जास्त छळलं ते 'पर्वतीच्या पायऱ्या'ने. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र 'ऱ' घेऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, बाइट वेगळे, म्हणून एक लिंक उघडते आणि दुसरी ४०४ देते. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) या दोघांना एक करत नाही. लिंक बनवताना आणि वाचताना, दोन्हीकडे आपणच एक रूप ठरवून बदल करायचा.

तेव्हापासून नवा प्रॉक्सी उभा केला की आधी कर्ल या कमांडने थेट मागच्या सर्व्हरला विचारते, मग प्रॉक्सीमार्फत, आणि दोन्ही लॉग शेजारी ठेवते. पाठवायचा मजकूर एका वहीत लिहून ठेवलाय: ४५/२, एक अधिक, एक अ‍ॅम्परसँड, १००%, आणि दोन्ही तऱ्हांच्या पायऱ्या.