वेलवेटच्या कात्रणाचा मृगाचा किडा, आणि उरलेल्या वेळात सोनकिडा

मृगाचा किडा बनवायचा असेल तर आधी पाय मोजा. आठ. क्राफ्टच्या फोटोंत लोक त्याला बिनधास्त सहा पाय लावतात, वर दोन मिशा, वर ते हलणारे प्लास्टिकचे डोळे, आणि मग तो मृगाचा किडा राहतच नाही, जाडजूड ढेकूण दिसतो. हा मुळात कीटकच नाही, कोळ्या-विंचवांच्या कुळातला आहे, म्हणून मिशा नाहीत. पुढचे दोन पाय तो चाचपायला वापरतो, तेच जरा वर उचललेले दाखवा, लगेच जिवंत वाटतो.

इंदूरला पहिला दणकून पाऊस झाला की शहराबाहेर मोकळ्या मैदानात एखादा तरी दिसतोच, कुणी बीरबहुटी म्हणतं कुणी मृगाचा किडा, एरवी बहुतेक वर्ष जमिनीखालीच असतो. दिसला तर दोन मिनिटं खाली बसून बघा. अंग गुळगुळीत गोल नसतं, पाठीवर खळगे आणि घड्या असतात, पुढून रुंद, आणि हात लावला की पाय आत ओढून मेल्याचं सोंग करतो. बघा आणि सोडून द्या, डबीत भरून आणू नका प्लीज, औषधी तेलासाठी वाळवून विकणारे आधीच कमी नाहीत.

आता सामान. लाल वेलवेट, विकत घ्यायची गरज नाही, ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरकडे कात्रणं पडलेली असतात, नाहीतर शीतलामाता बाजारात जाल तेव्हा थोडंसं मागून आणा. कापूस, सुई, लाल दोरा, भरतकामाची शेंदरी लच्छी, बारीक तार, फेविकॉल आणि बोटभर लाल फेल्ट.

वेलवेटवर हात फिरवून बघा, एकीकडे लव बसते, उलट फिरवलं की उभी राहते. लव डोक्याकडून शेपटीकडे बसेल असा साधारण 7 बाय 6 सेंटीमीटरचा लंबगोल कापा. कडेने दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला, अगदी काठाला नको, वेलवेट सुटत जातं. दोरा हळूहळू ओढायचा, मध्ये कापूस भरायचा, पण ठासून नाही, कारण खळगे पाडायचे आहेत आणि घट्ट भरलं की सुई घातली तरी काही दबत नाही. तोंड बंद करून गाठ मारा, चुण्यांची बाजू पोटाकडे. मग सुई पोटातून पाठीवर काढा, अगदी शेजारूनच परत खाली न्या आणि ओढा. झाला खळगा. असे दोन पुढे, दोन मागे, खांद्याच्या मागे जरा खोल.

पायांसाठी 7 सेंटीमीटरचे चार तुकडे तार. टोकं दुमडून घ्या, टोचतात. तारेला फेविकॉल चोळून लच्छीचा धागा गुंडाळा, जाडसर होऊ द्या, पाय काही डासासारखे काटकुळे नसतात. चारही तारा पोटावर आडव्या ठेवून टाके घाला, दोन पुढे दोन मागे, वरून फेल्टचा तुकडा चिकटवला की सगळा पसारा झाकला जातो. गोंद पूर्ण वाळल्यावरच पाय वाकवा. खरा असतो सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा, आपला मोठा होतो, होऊ दे.

सोनकिडा, म्हणजे तो हिरवा चमकणारा भुंगेरा, झटपट होतो. पिस्त्याचं अर्धं टरफल घ्या, निमुळतं टोक शेपटीकडे. आधी काळा रंग, तो वाळल्यावर वरून चमकता हिरवा नेलपॉलिशचा पातळ हात. काळ्याशिवाय लावलात तर मिठाईच्या वर्खासारखं फिकं दिसतं. खऱ्या सोनकिड्याची ती चमक रंगद्रव्याची नसतेच, पंखांच्या कवचातल्या अतिपातळ थरांवर प्रकाश खेळतो त्याची असते, म्हणून ती सहसा फिकी पडत नाही. बसोहलीच्या जुन्या पहाडी लघुचित्रांत दागिन्यातला पाचू दाखवायला या पंखांचे बारीक तुकडे चिकटवायचे, आणि 1903 च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या बायकोने, लेडी कर्झनने, घातलेल्या मोरपिसांच्या नक्षीच्या गाऊनवर प्रत्येक पिसाच्या डोळ्यात असाच हिरवा पंख शिवलेला होता. आपल्याला नेलपॉलिश पुरे.

पाठीच्या मधोमध सरळ रेघ मारा, तिथे दोन पंख मिटतात. पाय इथे सहाच, आणि सहाही छातीला, म्हणजे पुढच्या भागाला, पोटाला एकही नाही! हाच साचा लाल रंगवून लेडीबर्ड पण करता येतो. सात ठिपक्यांचा करत असाल तर एक ठिपका पुढे बरोब्बर रेघेवर, बाकीचे तीन-तीन दोन्ही बाजूंना.

वेलवेटवाल्याच्या पोटाला सेफ्टी पिन शिवून दिली की पोरी ओढणीला लावून फिरतात. फक्त ओढणी धुवायला टाकताना आधी काढायला सांगा, लच्छीचा शेंदरी रंग कधीकधी सुटतो.